प्रतिन्यूट्रिनो शोधयंत्रे आणि अणुभट्ट्यांवरील देखरेख : एक ऐतिहासिक आढावा

प्रस्तावना :
ज्या अणुभट्टीतून वीज मिळते, त्याच भट्टीत अणुबाँबला लागणारे प्लुटोनियमही तयार होते. १९७० मध्ये अंमलात आलेल्या अण्वस्त्रप्रसारबंदी करारापुढील मोठी अडचण या वस्तुस्थितीत आहे. भट्टी किती काळ व किती शक्तीने चालली हे कळल्यास तिच्यात साठलेल्या प्लुटोनियमचा अंदाज बांधता येतो. मात्र ही माहिती मुख्यतः भट्टी चालविणाऱ्या देशाच्याच नोंदींतून मिळते. आंतरराष्ट्रीय अणुऊर्जा संस्थेचे निरीक्षक मोहोरा, कॅमेरे व इंधनाची मोजदाद यांच्या साह्याने ती पडताळून पाहतात. संस्था ८ किलोग्रॅम प्लुटोनियम ही 'लक्षणीय मात्रा' मानते. त्यामुळे हिशेबातील लहान तफावतही गंभीर ठरते. या नोंदींना भट्टीतूनच स्वतंत्र पुरावा मिळू शकेल काय, या प्रश्नाचा इतिहास प्रस्तुत लेखात पाहावयाचा आहे.

शोधाची पार्श्वभूमी :
बीटा क्षयातील ऊर्जेचा हिशेब जुळावा म्हणून वोल्फगांग पाउली यांनी १९३० मध्ये एका विद्युतभाररहित कणाची कल्पना मांडली. पदार्थाशी या कणाची आंतरक्रिया इतकी क्षीण असते की तो सापडणे दीर्घकाळ अशक्यप्राय मानले गेले. फ्रेडरिक राइन्स व क्लाइड कोवन यांनी १९५३ मध्ये अमेरिकेतील हॅनफर्ड येथे प्रयत्न केला आणि १९५६ मध्ये सव्हाना रिव्हर येथे त्याचे अस्तित्व सिद्ध केले. या दोन्ही ठिकाणच्या भट्ट्या अण्वस्त्रनिर्मितीसाठीच उभारलेल्या होत्या, ही बाब लक्षणीय आहे.

प्रत्येक विखंडनामागे सरासरी सहा प्रतिन्यूट्रिनो बाहेर पडतात. त्यांना काँक्रीट वा पोलाद अडवू शकत नाही. साहजिकच ते लपविताही येत नाहीत. क्वचित एखादा प्रतिन्यूट्रिनो प्रस्फुरक द्रवातील प्रोटॉनवर आदळतो आणि पॉझिट्रॉन व न्यूट्रॉन निर्माण होतात. पॉझिट्रॉनची चमक तत्काळ दिसते, तर न्यूट्रॉन शोषला गेल्याची चमक काही मायक्रोसेकंदांनंतर उमटते. चमकांची ही जोडी हीच त्या कणाची ओळख होय.

रोव्ह्नो ते सान ओनोफ्रे :
या कणाचा उपयोग देखरेखीसाठी करावा, हा विचार मॉस्को येथील कुर्चातोव्ह संस्थेतील मिकाएल्यान व त्यांच्या सहकाऱ्यांनी १९७० च्या दशकाच्या उत्तरार्धात मांडला. १९८० च्या दशकात युक्रेनमधील रोव्ह्नो वीजकेंद्रात भट्टीच्या गाभ्यापासून सुमारे १८ मीटरांवर त्याची प्रत्यक्ष चाचणी झाली. पुढे २००० च्या दशकात लॉरेन्स लिव्हरमोर व सँडिया या अमेरिकी प्रयोगशाळांनी कॅलिफोर्नियातील सान ओनोफ्रे येथे सुमारे २५ मीटरांवर एक टनाहूनही कमी प्रस्फुरक द्रवाचे यंत्र बसविले. भट्टी सुरू वा बंद झाल्याचे त्यावरून काही तासांत कळत असे. युरेनियम-२३५ च्या जागी प्लुटोनियम-२३९ चे विखंडन वाढू लागले की नोंदल्या जाणाऱ्या प्रतिन्यूट्रिनोंची संख्या घटते. हा बदलही तेथे टिपला गेला.

योंगब्योनचा धडा :
उत्तर कोरियाच्या योंगब्योन येथील भट्टीविषयी १९९२ मध्ये निरीक्षकांना त्या देशाने घोषित केलेल्या व तपासणीत आढळलेल्या माहितीत विसंगती दिसली. १९९४ मध्ये सुमारे ८,००० इंधनकांड्या घाईने बाहेर काढल्या गेल्या आणि भट्टीचा पूर्वेतिहास पडताळण्याची संधी हुकली. तेथे प्रतिन्यूट्रिनो शोधयंत्र असते तर गाभ्यातील इंधन पूर्वी बदलले गेले होते काय, हे ठरविता आले असते, असे नंतरच्या एका अभ्यासाने दाखविले. परंतु कणांचा प्रवाह अंतराच्या वर्गाच्या व्यस्त प्रमाणात घटत असल्याने लहान यंत्र भट्टीजवळच बसवावे लागते. म्हणजेच ज्या देशावर संशय आहे, त्याचीच अनुमती घ्यावी लागते.

भारतातील प्रयत्न :
मुंबईतील भाभा अणुसंशोधन केंद्राने १०० मेगावॉट औष्णिक क्षमतेच्या 'ध्रुव' भट्टीजवळ 'इस्मरान' हा प्रकल्प हाती घेतला. त्यात द्रवाऐवजी प्लॅस्टिक प्रस्फुरकाच्या पट्ट्या वापरल्या असून भट्टीवरील देखरेख हे त्याच्या उद्दिष्टांपैकी एक आहे. भारत प्रसारबंदी कराराचा सदस्य नाही आणि 'ध्रुव' आंतरराष्ट्रीय देखरेखीखाली येत नाही. तरीही हे तंत्र देशात विकसित होणे महत्त्वाचे आहे. कारण भावी करारांच्या वाटाघाटींत यंत्राची पारख स्वतः केलेल्या देशाच्या मताला वजन राहील.

निष्कर्ष :
अमेरिकेत २०२१ मध्ये झालेल्या एका सविस्तर अभ्यासानुसार, सध्याच्या बहुतांश भट्ट्यांसाठी प्रचलित साधने पुरेशी आहेत, असे देखरेखीच्या क्षेत्रातील जाणकारांचे मत आढळले. नव्या प्रकारच्या भट्ट्या व भावी करार यांच्या संदर्भात मात्र या तंत्राला वाव आहे. १९७० च्या दशकात सुचलेली कल्पना तांत्रिकदृष्ट्या सिद्ध होऊनही नित्य वापरात आलेली नाही, याचे कारण केवळ विज्ञानात शोधून चालणार नाही. प्रतिन्यूट्रिनो भिंती भेदतो, पण राजकीय अविश्वास भेदू शकत नाही. हे यंत्र हेरगिरीचे साधन नसून परस्परसंमतीने नेमलेला साक्षीदार आहे. त्याला आत येऊ देणारा करार आधी व्हावा लागतो. त्यानंतरच त्याच्या साक्षीला मोल येते.