फेअरवे वुड आणि मुंबई-ठाण्याची जमीन

गोल्फच्या पिशवीत जी साधने असतात, त्यांत हौशी खेळाडूला सर्वाधिक छळणारे साधन म्हणून फेअरवे वुडचा उल्लेख जगभर केला जातो. या खेळात पहिला फटका मारताना चेंडू ‘टी’ नावाच्या छोट्या खुंटीवर ठेवण्याची मुभा असते, आणि तेथून ‘ड्रायव्हर’ या सर्वांत लांब दांड्याने तो दूर धाडला जातो. मात्र दुसऱ्या फटक्याच्या वेळी चेंडू जेथे पडला असेल तेथूनच, म्हणजे आखूड कापलेल्या गवताच्या पट्ट्यावरून किंवा फेअरवेवरून, तो उचलावा लागतो. खुंटीचा आधार नसताना दीडदोनशे यार्डांपेक्षा लांब फटका मारण्यासाठी रुंद तळाचा, ड्रायव्हरपेक्षा लहान आणि थोड्या अधिक कलत्या तोंडाचा जो दांडा वापरतात, तोच फेअरवे वुड. थ्री वुडच्या तोंडाचा कल साधारण 15 अंशांचा, फाइव्ह वुडचा 18 ते 19 अंशांचा आणि सेव्हन वुडचा 21 ते 22 अंशांचा असतो. कल जितका कमी तितका चेंडू सपाट आणि लांब जातो, आणि तितकाच तो जमिनीवरून उचलणे अवघड होते. या दांड्याचा इतिहास बहुधा कारागिरांचा आणि कंपन्यांचा इतिहास म्हणून सांगितला जातो. मुंबई, ठाणे आणि कल्याण-डोंबिवलीच्या बाजूने पाहिले असता मात्र तो मुख्यतः जमिनीचा, आणि त्या जमिनीवर पाऊल ठेवण्याचा हक्क कोणाला होता याचा इतिहास ठरतो.

गोल्फ हा खेळ स्कॉटलंडच्या समुद्रकाठच्या वालुकामय माळांवर घडला. तेथील जमीन पाणी धरून ठेवत नाही, गवत आखूड आणि चिवट असते, आणि चेंडू त्यावर किंचित उचललेला राहतो. भारतात हा खेळ ब्रिटिश अधिकारी आणि व्यापारी यांच्याबरोबर आला. 1829 मध्ये स्थापन झालेला कलकत्त्याचा क्लब ब्रिटिश बेटांबाहेरचा सर्वांत जुना क्लब मानला जातो, आणि त्यानंतर तेराच वर्षांनी, 1842 मध्ये, मुंबईत रॉयल बॉम्बे गोल्फ क्लब उभा राहिला. आज तो क्लब अस्तित्वात नाही. त्याने सेंट अँड्र्यूजच्या विख्यात क्लबाला दिलेले ‘बॉम्बे सिल्व्हर मेडल’ मात्र त्याच्या नावाची साक्ष देत राहिले. ही तारीख महत्त्वाची आहे, कारण 1842 मधील चेंडू अजून ‘फेदरी’ होता, म्हणजे कातड्याच्या शिवलेल्या पिशवीत पिसे ठासून भरून बनवलेला, महागडा, आणि भिजला की जड होऊन शिवणीवर उसवणारा. ज्या शहरात जून ते सप्टेंबर या चार महिन्यांत दोन हजार मिलिमीटरहून अधिक पाऊस कोसळतो, तेथे असा चेंडू घेऊन मैदानात उतरणे म्हणजे खेळ फक्त कोरड्या ऋतूपुरता मर्यादित ठेवणे होते.

1848 च्या सुमारास मलाया द्वीपकल्पातील झाडांच्या चिकापासून मिळणाऱ्या गटापर्चाचा चेंडू प्रचारात आला, आणि स्वस्त, टणक व पाण्याला न जुमानणाऱ्या या चेंडूने दांड्याचे रूपही पालटले. त्यापूर्वीचे लाकडी दांडे लांब नाकाचे आणि बारीक मानेचे असत. टणक चेंडूच्या माऱ्याने त्यांची तोंडे फुटू लागली, तेव्हा डोके आखूड व गोलसर झाले आणि तोंडावर कातड्याचे तुकडे बसवण्याची पद्धत पडली. कारागीर डोक्याच्या मागील भागात शिसे ओतून वजन खाली व मागे नेत, आणि तळाच्या पुढच्या कडेला शिंगाची पट्टी बसवत, जेणेकरून जमिनीवर घासून लाकूड झिजू नये. पुढे तळाला पितळेचा पत्रा ठोकलेला ‘ब्रासी’ हा दांडा आला. कठीण जमिनीवरून आणि प्रसंगी रस्त्यावरूनही चेंडू मारता यावा, ही त्यामागची गरज होती. ब्रासीच्या खालोखाल अधिक कलत्या तोंडाचा ‘स्पून’ आणि त्याहून उंच फटक्याचा ‘बॅफी’ असे. आजच्या हिशेबाने ब्रासी म्हणजे टू वुड आणि स्पून म्हणजे थ्री वुड. जुनी नावे मागे पडून आकडे रूढ झाले ते 1930 च्या आसपास, जेव्हा कारखान्यातून एकसारखे संच बाहेर पडू लागले.

पितळेच्या पत्र्याच्या या युक्तीचे महत्त्व पटावे अशी जमीन पश्चिम भारतात होती. ठाणे जिल्ह्याच्या कल्याण-डोंबिवली भागात खाली काळा कातळ, त्यावर ठिकठिकाणी मुरूम, सखल भागात भातखाचरे आणि खाडीकाठी खारट चिखल अशी रचना आढळते. पावसाळ्यात दांडा मातीत रुतून बसतो. दिवाळी सरली की तीच माती आक्रसते, आणि फाल्गुन-चैत्रात तिच्यावरून दांडा उसळून चेंडूच्या डोक्यावर आदळतो. गोल्फपटूंच्या भाषेत पहिल्या चुकीला ‘फॅट’ आणि दुसरीला ‘टॉप’ म्हणतात. सपाट व रुंद तळाचा दांडा भिजलेल्या गवतावर घसरून पुढे जातो, म्हणून पावसाळ्यात तो लोखंडी दांड्यापेक्षा बरा ठरतो. कोरड्या जमिनीवर मात्र तोच तळ टप्पा खाऊन वर उडतो. जमिनीच्या याच कोरडेपणामुळे भारतातील अनेक मैदानांवर होलभोवतीच्या हिरवळीऐवजी तेल मिसळलेली वाळू दाबून केलेले ‘ब्राउन’ असत, आणि जमीन फारच बिघडली असेल तेव्हा चेंडू हाताने उचलून बऱ्या जागी ठेवण्याची सवलत स्थानिक नियमांतून दिली जाई. या सवलतीला कमीपणाचे लक्षण मानणारे खेळाडू आजही भेटतात. त्यांनी मे महिन्यात कल्याणच्या माळावर एखादा चेंडू ठेवून पाहावा.

लाकडाविषयीही येथे थोडे सांगणे प्राप्त आहे. बीच, सफरचंद, नासपती अशा लाकडांनंतर विसाव्या शतकात डोक्यासाठी अमेरिकेतील पर्सिमन हे लाकूड सर्वमान्य झाले, कारण ते घट्ट रेषांचे, जड आणि धक्का सोसणारे असते. गोंदिया-चंद्रपूरच्या जंगलांतील ज्या टेंभुर्णीच्या पानांत विडी वळली जाते, ती टेंभुर्णी या पर्सिमनच्याच कुळातील. म्हणजे साहेबांच्या ब्रासीचे डोके आणि त्यांची पिशवी वाहणाऱ्या कॅडीच्या ओठातली विडी या दोहोंचे मूळ एकाच वृक्षकुळात सापडते. लाकडाला जवसाचे तेल पाजून आणि वर व्हार्निश चढवून ते ओलाव्यापासून जपले जाई. तरीही कोकणपट्टीच्या दमट हवेत लाकूड फुगणे, मानेवरचा गुंडाळलेला दोरा सैल होणे, आणि हिकरी या अमेरिकन लाकडाचा दांडा वाकणे हे दोष अटळ होते. पोलादी दांड्याला अमेरिकेत 1924 मध्ये आणि ब्रिटिश नियमांत 1929 मध्ये मान्यता मिळाली, तेव्हा दमट हवेतील खेळाडूंची निम्मी चिंता दूर झाली. त्याआधी दांड्यांची निगा राखणे, म्हणजे पुसणे, तेल लावणे आणि दोरा पुन्हा आवळणे, हे काम सेवकवर्गाकडेच असे.

मुंबईत खेळाला स्थिर जागा मिळाली ती पहिल्या महायुद्धाच्या अखेरीपासून. 1918 मध्ये सुरू झालेल्या विलिंग्डन स्पोर्ट्स क्लबाने, त्या काळी गोऱ्यांपुरत्याच मर्यादित असलेल्या क्लबांहून वेगळी वाट घेऊन, हिंदी सभासदांना प्रवेश दिला. 1927 मध्ये चेंबूरला बॉम्बे प्रेसिडेन्सी गोल्फ क्लब स्थापन झाला. चेंबूर तेव्हा शहराच्या वेशीबाहेर होते, जमीन मोकळी होती, आणि आसपासच्या वस्त्यांतील मुलांना पिशव्या वाहण्याचे, म्हणजे कॅडीचे, काम मिळू लागले. कलकत्त्यात चेंडू कोठे पडतो हे पाहण्यासाठी पुढे धाडल्या जाणाऱ्या माणसाला ‘आगेवाला’ म्हणत. कॅडी हा केवळ हमाल नसतो: वारा, उतार आणि जमिनीचा ओलावा पाहून कोणता दांडा घ्यावा हे सुचवणे हे त्याचे खरे काम, आणि हौशी सभासदाच्या हातात थ्री वुड द्यावा की फाइव्ह वुड, हा निर्णय अनेकदा त्याचाच असतो. सभासद आठवड्यातून एखाद्या सकाळी खेळतो, कॅडी तीच जमीन रोज तुडवतो. फेअरवे वुडसारख्या, जमिनीच्या स्वभावावर सर्वस्वी अवलंबून असणाऱ्या दांड्याचे ज्ञान म्हणूनच सभासदांपेक्षा कॅडींकडे अधिक साठत गेले, असे म्हणण्यास जागा आहे.

या विधानाला भारतीय गोल्फच्या उत्तरकाळात आधार मिळतो. 1964 मध्ये सुरू झालेली इंडियन ओपन ही स्पर्धा पहिल्या वर्षी ऑस्ट्रेलियाच्या पीटर थॉमसनने जिंकली, दुसऱ्या वर्षी बिल्लू सेठी या हौशी भारतीय खेळाडूने. त्यानंतर मात्र भारतीय नाव विजेत्यांत पुन्हा झळकण्यास 1991 उजाडावे लागले, आणि त्या वर्षी दिल्लीत जिंकलेला अली शेर हा कॅडी म्हणून वाढलेला खेळाडू होता. चेंबूरच्या वस्त्यांमध्ये तर कॅडींनी खेळाचेच वेगळे रूप तयार केले: बांधकामाची सळई वाकवून केलेला दांडा, प्लास्टिकचा चेंडू, आणि गल्ली, गटार, पत्र्याची छपरे हे मैदान. या ‘स्लम गोल्फ’ची ख्याती देशाबाहेर पोहोचली, आणि ‘शाळा’ या मराठी चित्रपटाचे दिग्दर्शक सुजय डहाके यांनी 2023 मध्ये त्याच नावाची मालिका केली. गल्लीच्या या खेळात फेअरवे वुडला स्थान नाही, कारण तेथे दोनशे यार्ड मोकळी जागाच नाही. सारे कौशल्य आखूड, उंच आणि अचूक फटक्यात एकवटते. जागेच्या अभावाने खेळाचा एक अख्खा अवयव गळून पडावा आणि दुसरा असामान्य बळकट व्हावा, याचे याहून नेमके उदाहरण शोधून सापडणार नाही.

डोंबिवलीचा या इतिहासात प्रवेश उशिरा होतो. छत्रपती शिवाजी महाराज टर्मिनसपासून सुमारे 48 किलोमीटरवरचे हे गाव लोकलच्या आधाराने वाढले, 1960 च्या दशकात तेथे औद्योगिक वसाहत आली, आणि 2011 च्या जनगणनेत कल्याण-डोंबिवली महापालिकेची लोकसंख्या 12 लाख 47 हजारांच्या घरात गेली. अठरा होलच्या मैदानाला शंभर ते दीडशे एकर जागा लागते. दाट वस्तीच्या शहरात ती कोठून यावी? परदेशी नेमणुकीवर जाऊन आलेला अभियंता किंवा कंपनीच्या सहलीत प्रथम दांडा हाती घेतलेला नोकरदार असा येथील हौशी खेळाडूचा सर्वसाधारण नमुना मानता येईल, आणि त्याला कुर्ल्याला गाडी बदलून चेंबूर गाठावे लागते, किंवा ठाण्याहून पनवेलच्या गाडीने खारघर. खारघरला सिडकोने 2012 च्या सुमारास डोंगराच्या कुशीत उभारलेले मैदान सभासदत्वाविना, शुल्क भरून खेळता येते, ही या भागातील मध्यमवर्गासाठी लहान गोष्ट नव्हती.

तोवर दांडाही बदलून गेला होता. अमेरिकेत 1979 मध्ये टेलरमेड कंपनीने पोलादी डोक्याचा ‘वुड’ बाजारात आणला, ज्याला गमतीने पिट्सबर्ग पर्सिमन म्हटले गेले, कारण पिट्सबर्ग हे पोलादाचे शहर. 1991 मध्ये कॅलवेचा बिग बर्था हा मोठ्या डोक्याचा ड्रायव्हर आला, आणि 1990 च्या दशकाच्या मध्यावर ॲडम्स कंपनीचा ‘टाइट लाइज’ हा बुटक्या तोंडाचा, खास जमिनीवरून चेंडू उचलण्यासाठी घडवलेला फेअरवे वुड हौशी खेळाडूंत कमालीचा लोकप्रिय झाला. पोकळ धातूच्या डोक्यात वजन कडांकडे आणि तळाशी नेता येते, त्यामुळे चेंडू मध्यभागी न लागला तरी दांडा फारसा वळत नाही आणि चेंडू सहज वर उठतो. आयातीवरील परिमाणात्मक निर्बंध 2001 मध्ये उठल्यानंतर अशी साधने भारतात उघडपणे मिळू लागली. म्हणजे डोंबिवलीच्या हौशी खेळाडूंच्या पिढीने लाकडी वुड बहुधा हाताळलाच नाही; तिने धातूच्या वुडनेच सुरुवात केली.

या सुधारणेनंतरही जुनी तक्रार मिटलेली नाही, आणि तिचे कारण सरावाच्या जागेत आहे. शहरी खेळाडू बहुतांश सराव जाळीसमोर, कृत्रिम गवताच्या चटईवर करतो. तेथे दांडा चेंडूच्या दोन बोटे आधी टेकला तरी चटईवरून घसरत पुढे जातो, चेंडू नीट लागल्याचा भास होतो आणि चूक झाकली जाते. खऱ्या मातीवर तीच चूक फॅट होऊन समोर येते, खेळाडू घाबरून पुढच्या वेळी चेंडू खालून उपसू पाहतो आणि टॉप करतो. ज्या दांड्याची रचनाच चेंडू वर नेण्यासाठी झालेली आहे, त्याला हाताने मदत करू नये, झाडूने अंगण लोटावे तसा तो जमिनीलगत सरळ जाऊ द्यावा, एवढाच त्यावरचा उपाय. 1935 च्या मास्टर्स स्पर्धेत जीन सॅराझेनने सव्वादोनशे यार्डांहून अधिक अंतरावरून फोर वुडने चेंडू थेट होलमध्ये घातला, त्या फटक्याचे गोडवे अजून गायले जातात. परंतु महिन्यातून एकदा खारघरला जाणाऱ्या माणसाने सॅराझेनचा नव्हे, तर आपल्या जमिनीचा विचार करून थ्री वुड घरी ठेवावा आणि सेव्हन वुड पिशवीत टाकावा, हेच शहाणपणाचे.

क्लबांच्या भिंतींवर विजेत्या सभासदांची नावे सोनेरी अक्षरांत कोरलेली असतात. ज्यांनी त्यांच्या हाती योग्य दांडा दिला, त्या चेंबूरच्या आणि विलिंग्डनच्या जुन्या कॅडींच्या मुलाखती अजून पद्धतशीरपणे नोंदवल्या जायला हव्यात. मुंबई-ठाण्याच्या स्थानिक इतिहासावर काम करणाऱ्या अभ्यासकांनी, आणि डोंबिवलीतील उत्साही वाचनालयांनी व संस्थांनीही, हे काम त्या पिढीची माणसे हयात असतानाच हाती घ्यावे.