मोटारीतील सुतारकाम

शिवडी येथे जनरल मोटर्सने १९२८ साली मोटारींची जोडणी आरंभिली, त्या काळी चकचकीत पत्र्याखाली बहुधा लाकडी सांगाडाच असे. पुढे १९३०च्या दशकात सबंध पोलादी बांधणी रूढ झाली आणि सुताराचा मोटारीशी असलेला संबंध तुटला.

विलायतेत या सांगाड्यास ॲश वृक्षाचे लाकूड वापरीत. आपल्या पावसाळ्यात ते पत्र्याआड कुजते. सागवान मात्र अंगच्या तेलामुळे ओलीस व वाळवीस सहसा दाद देत नाही. पांढुर्णा आणि सौसर हा सातपुड्याच्या पायथ्याचा मराठी मुलूख १९५६ साली मध्य प्रदेशात राहिला व २०२३ साली त्याचा स्वतंत्र जिल्हा झाला. सागवान आणि बैलबंडी बांधणारा सुतार यांचा सहवास येथे जुना आहे.

अशा मोटारीचा जीर्णोद्धार करताना कुजलेले लाकूड आधी फेकून देऊ नये, असे आम्ही आग्रहाने म्हणतो. त्याचा बाक, त्याचे सांधे, खिळ्यांची भोके हेच नव्या तुकड्याचे माप होय. ते हरवले की दार चौकटीत बसत नाही, आणि ज्या कारागिराचे नाव कोठेही नोंदलेले नाही, त्याचा हा एकमेव लेखही पुसला जातो.