थोरली वहिनी आणि जेरुसलेमचे धर्मपीठ

पेणकर, रोहेकर, अष्टमकर, किहीमकर. गावांवरून पडलेली ही आडनावे बेने इस्रायलांमध्येही आढळतात. कुलाबा जिल्ह्याच्या खेड्यांतून तेलाचे घाणे चालवणारे आणि शनिवारी घाणा बंद ठेवणारे म्हणून शेजारी त्यांना 'शनवार तेली' म्हणत. पेणचे त्यांचे सभास्थान १८६३ सालचे. पण त्याआधी शतकानुशतके हा समाज धर्मग्रंथ व धर्मगुरू यांच्यावाचून आठव्या दिवशीची सुंता, शब्बाथ आणि 'शेमा' ही प्रार्थना सांभाळून होता. सणांची नावे मात्र अस्सल कोकणी झाली होती. जेरुसलेमच्या मंदिराच्या विध्वंसाचा शोकदिवस इथे 'बिरड्याचा रोजा' झाला!

शेजाऱ्यांकडून नावांबरोबर नीतीही येते. गोमांस वर्ज्य झाले, विधवेचा पुनर्विवाह कमीपणाचा वाटू लागला. इथेच एक पेच होता. अपत्यहीन विधवेने दिराशी विवाह करावा, अथवा त्याने विधिपूर्वक तिला मोकळे करावे, असे तोरा सांगते. कोकणातल्या पांढरपेशा नीतीत तर थोरली वहिनी आईच्या जागी! बेने इस्रायलांनी या बाबतीत शास्त्र बाजूला ठेवले. त्यासाठी ना सभा भरली, ना फतवा निघाला. याला अज्ञान म्हणण्याचा मोह अभ्यासकांना होतो. आम्हांला तो शेजारधर्माने केलेला निवाडा वाटतो.

१९४८ नंतर हा समाज मोठ्या संख्येने इस्रायलला गेला. तेथे ज्यूंचे विवाह धर्मपीठाच्या हाती. ऑक्टोबर १९६१ मध्ये मुख्य धर्मपीठाने बेने इस्रायलांशी विवाह ग्राह्य असल्याचे मान्य केले खरे, परंतु पुढच्याच वर्षी विवाह नोंदवणाऱ्या धर्मगुरूंना सूचना गेल्या: वधूवरांच्या आईची, आजीची, जमेल तितक्या मागच्या पिढ्यांची चौकशी करा. पूर्वजांत परधर्मीय मिसळले होते काय? घटस्फोट शास्त्राप्रमाणे झाले होते काय? शास्त्रोक्त घटस्फोटपत्रावाचून स्त्रीने दुसरा विवाह केला, तर त्या संततीला सर्वसाधारण ज्यूशी विवाह निषिद्ध ठरतो. रोह्याजवळच्या खेड्यातल्या आजीच्या लग्नाचा कागद नातीने आणायचा कुठून?

गंमत अशी, की ज्या शेजारनीतीमुळे हा समाज संशयित ठरला, तीच त्याची साक्षीदार होऊ शकत होती. घटस्फोट आणि विधवाविवाह या दोहोंकडे नाक मुरडणाऱ्या समाजात अशास्त्रीय पुनर्विवाहाची संतती फार असणार तरी कशी? एका कायद्याच्या कसोटीवरचा दोष दुसऱ्या नीतीच्या अंगाने पाहिला तर बचावाचा पुरावा होतो. कागद मागणाऱ्या व्यवस्थेला मात्र असा पुरावा दिसत नाही. पंक्तिव्यवहार आणि रोटीबेटी यांवरून शतके भांडलेल्या आपण मराठी माणसांनी तिला फार हसू नये, हे ओघाने आलेच.

१९६४ च्या उन्हाळ्यात बेने इस्रायलांनी जेरुसलेममध्ये ठिय्या दिला. ऑगस्टमध्ये नेसेट या संसदेने ते सर्वार्थाने ज्यू असल्याचा ठराव केला. पंतप्रधान लेवी एश्कोल यांचे सरकार आणि धर्मपीठ यांत ताण आला, आणि महिनाअखेरीस धर्मपीठाने सूचनेतला मजकूर बदलला. 'बेने इस्रायल' या शब्दांच्या जागी, ज्यांच्याविषयी शंका उपस्थित होईल असे कोणीही, अशा अर्थाचे शब्द आले. चौकशीचा नियम राहिला; त्यातले समाजाचे नाव तेवढे गेले.