तुरुंगातले एक मराठी पुस्तक

तुरुंगात लिहिलेले मराठी पुस्तक म्हटले की आपल्याला 'गीतारहस्य' आठवते. मंडालेच्या तुरुंगात टिळकांनी पेन्सिलीने वह्या भरल्या. १९१४ साली सुटका झाली तेव्हा सरकारने त्या लगेच हाती दिल्या नाहीत, पण पुढे परत केल्या आणि १९१५ साली ग्रंथ छापून निघाला. इतिहासाच्या तासाला हे मी रंगवून सांगत असे. त्यानंतर पन्नास वर्षांनी, स्वराज्यात, असेच एक हस्तलिखित अडले होते. ते मात्र मी शिकवलेल्या कुठल्याच क्रमिक पुस्तकात नव्हते.

ऑक्टोबर १९६२ मध्ये चीनने हल्ला केला. २६ तारखेला आणीबाणी जाहीर झाली (१९७५ ची नव्हे, ही पहिली) आणि त्याच दिवशी भारत संरक्षण वटहुकूम निघाला. खटला न चालवता माणसाला आत ठेवता येऊ लागले. लढाई महिनाभरात थांबली, आणीबाणी मात्र जानेवारी १९६८ पर्यंत चालली!

या कायद्याखाली प्रभाकर पांडुरंग संझगिरी हे कम्युनिस्ट कार्यकर्ते मुंबईच्या तुरुंगात स्थानबद्ध होते. तिथे त्यांनी सरकारच्या परवानगीनेच 'अणूच्या अंतरंगात' हे विज्ञानाचे पुस्तक मराठीत लिहिले. छपाईसाठी ते बाहेर पाठवू द्या म्हणाले, तर मार्च १९६४ मध्ये सरकारचे उत्तर आले, नाही. म्हणजे लिहायला परवानगी, पाठवायला मनाई. याला काय म्हणावे!

संझगिरी उच्च न्यायालयात गेले. न्यायमूर्तींनी अनुक्रमणिका पाहिली. निव्वळ विज्ञान होते, देशाच्या संरक्षणाला धोका कसलाच नव्हता. निकाल संझगिरींच्या बाजूने लागला. राज्य सरकार तेवढ्यावर न थांबता सर्वोच्च न्यायालयात गेले. त्यांचे म्हणणे असे की स्थानबद्धाला नियमांनी ज्या सवलती दिल्या तेवढ्याच त्याच्या, आणि पुस्तक छापण्याची सवलत त्यात नाही. न्या. सुब्बाराव यांनी हे उलटे करून दाखवले. नियमांत आहेत ती बंधने; जे बंधन लिहिलेले नाही ते सरकारला मनाने घालता येणार नाही. तसे नसेल तर नियमांत जेवणाचा उल्लेख नाही म्हणून कैद्याला उपाशीही मारता येईल!

निकालाची तारीख ६ सप्टेंबर १९६५. त्याच दिवशी आपले सैन्य लाहोर आघाडीवर सरहद्द ओलांडून गेले होते.

कोर्टाने संझगिरींना सोडले नाही, हेही लक्षात घ्या. सुरक्षेसाठी दिलेला अधिकार मान्य, पण कायद्यात लिहिला आहे तेवढाच. आमचा भोर १९४८ पर्यंत पंतसचिवांचे संस्थान. माझ्या लहानपणी कापूरहोळच्या वडीलधाऱ्यांच्या तोंडी 'सरकारची मर्जी' हे शब्द सहज येत. त्या मर्जीला इथे एका वहीपुरता का होईना, लगाम बसला.

पुढे तो सुटलाही. १९७६ च्या एप्रिलमध्ये, 'मिसा'च्या दिवसांत, त्याच सर्वोच्च न्यायालयाने चार विरुद्ध एक असे ठरवले की आणीबाणीत स्थानबद्धाला सुटकेसाठी कोर्टात दादच मागता येणार नाही. चौघांत आपल्या पुण्याचे न्या. यशवंतराव चंद्रचूड होते. विरोधात एकटे न्या. खन्ना, आणि त्यांना डावलून दुसऱ्यांना सरन्यायाधीश केले गेले. मी तेव्हा नोकरीत नवा होतो, शिक्षकांच्या खोलीत या विषयावर हळू आवाजात बोलणे होई. तो निकाल चुकीचा ठरवून रद्द झाला २०१७ साली, आणि तसे लिहिणारे होते यशवंतरावांचे चिरंजीव न्या. धनंजय चंद्रचूड. एकेचाळीस वर्षे गेली मध्ये. असो.

जुलै २०२५ मध्ये आपल्या विधिमंडळाने विशेष जनसुरक्षा विधेयक मंजूर केले. बाजूने आणि विरुद्ध पुष्कळ छापून आले. सरकारचा अधिकार कुठे सुरू होतो हे सगळ्यांनी लिहिले. तो कुठल्या कलमापाशी संपतो, हे मी चष्मा लावून शोधत होतो. त्या निमित्ताने संझगिरींचा निकाल पुन्हा वाचला. मोठा नाही, एका बैठकीत होतो. 'अणूच्या अंतरंगात'ची प्रत कोणाच्या कपाटात किंवा गावच्या वाचनालयात असेल तर कळवा, वाचून परत करीन.