बालाघाटाच्या खडकावरची बाग

रॉक गार्डन म्हटलं की आपल्याकडे बहुतेकांना चंडीगड आठवतं. नेकचंद यांनी टाकाऊ वस्तूंतून उभारलेली आणि 1976 मध्ये लोकांसाठी खुली झालेली ती बाग थोरच आहे. पण ती मूर्तींची बाग. आपल्याला पाहायची आहे ती वनस्पतींची. दगडांच्या सांदीत, मूठभर मातीत, जमिनीला बिलगून जगणाऱ्या काटक झाडोऱ्याची बाग. या विषयात आता पाऊल टाकणाऱ्या वाचकाचं, विशेषतः बीडच्या वाचकाचं, स्वागत करताना पहिली अडचण आधीच सांगून टाकलेली बरी.

हा छंद वाढला युरोपात, आल्प्ससारख्या उंच पर्वतांवरच्या वनस्पतींच्या ओढीनं. जिथे झाडं वाढायची थांबतात त्या रेषेच्या वर वारा, ऊन आणि बर्फ यांना तोंड देत काही वनस्पती बोटभर उंचीच्या गाद्यांसारख्या पसरतात. हिमालयात ही रेषा साधारण साडेतीन हजार मीटरच्या आसपास येते. महाराष्ट्रातलं सर्वांत उंच शिखर कळसूबाई, 1646 मीटरचं. म्हणजे खऱ्या अर्थानं अल्पाइन म्हणावा असा पट्टा आपल्याकडे कुठेच नाही, बालाघाटावर तर नाहीच. सॅक्सिफ्रागा किंवा अँड्रोसेस यांसारख्या अल्पाइन वनस्पती आणून बीडमध्ये लावल्या तर काय होईल? मे महिन्याचं चाळिशीपलीकडचं ऊन सावली करून एखादे वेळी टाळता येईल, पण पावसाळ्याची उबदार, दमट रात्र टाळता येत नाही. या वनस्पतींना थंड रात्री आणि बर्फाखालची कोरडी विश्रांती लागते. उबदार ओलाव्यात त्यांची मुळं आणि बुंधे कुजतात. तेव्हा ती हौस सोडून द्यावी, असं माझं स्पष्ट मत आहे.

हौस सोडायची, पण तंत्र सोडायचं नाही. रॉक गार्डनचं शास्त्र मुळात थंडीचं नाही, निचऱ्याचं आहे. पाणी मुळाशी आलं पाहिजे आणि तिथे थांबता कामा नये. बुंधा कोरडा आणि मूळ गार राहिलं पाहिजे. दगड हे काम करतो. त्याच्या पोटाखाली ओल टिकते, मूळ तिच्या मागावर खोल जातं आणि वरची वनस्पती ठेंगणीच राहते. लंडनच्या चेल्सी औषधी उद्यानातली जुनी दगडबाग 1773 मध्ये पुरी झाली. तिच्यासाठी जोसेफ बँक्स यांनी आइसलंडहून आणलेला लाव्हाचा दगड वापरला होता. त्यांना बेसाल्ट जहाजातून आणावा लागला. बीडकराला तो घराचा पाया खणताना फुकट मिळतो, वर मुरूमही मिळतो. सुमारे साडेसहा कोटी वर्षांपूर्वी थरांवर थर साचलेला हा लाव्हा मांजरसुंब्याच्या घाटात, कपिलधारच्या कड्यात आणि सौताड्याला विंचरणेच्या धबधब्यापाशी उघडा दिसतो. दगड कसा रचावा हे शिकायला यापेक्षा चांगली शाळा मला माहीत नाही. थर आडवे असतात, भेगा उभ्या असतात आणि हिरवं जे काही उगवतं ते भेगेत उगवतं. रेजिनल्ड फॅरर यांनी 1907 च्या ‘माय रॉक गार्डन’मध्ये मातीच्या ढिगात वाटेल तसे दगड खोचणाऱ्यांची भरपूर थट्टा केली. आपल्या शहरांतली कितीतरी ‘लँडस्केप’ पाहिली की ती थट्टा शिळी झालेली नाही हे कळतं.

मग लावायचं काय? आपल्या माळरानानं हा प्रश्न आधीच सोडवून ठेवला आहे. थंडीऐवजी ताप, बर्फाऐवजी आठ महिन्यांचा कोरडेपणा. तरी देहाची ठेवण पुष्कळदा तीच, ठेंगणी, लहान पानांची, खोल मुळांची किंवा कंदाची. घोळीची धाकटी बहीण चिघळ खडकावरच्या चिमूटभर मातीत पसरते. नीलवंतीची मांसल, लवदार पानं पावसाळ्यात उघड्या खडकावर दिसतात. मयूरशिखा हा वीतभरही उंच नसलेला नेचा जुन्या भिंतींच्या आणि कपारींच्या फटीत राहतो. उन्हाळ्यात आक्रसून मेल्यासारखा होतो आणि पाऊस लागताच पुन्हा पंखा उघडतो. शिंदळमाकुडी ही बिनपानांची, मांसल खोडाची वनस्पती. जनावरं आणि माणसं दोघंही ती खातात, म्हणून ती बहुधा काटेरी झुडपाच्या आडोशाला तग धरते. बागेतही तिला तसाच आडोसा द्यावा. कंदावर उन्हाळा काढणाऱ्या कंदीलपुष्पांच्या जाती, म्हणजे सेरोपेजिया, हा तर स्वतंत्र ग्रंथाचा विषय.

या सगळ्यांत मला सर्वांत विलक्षण वाटतं ते एक गवत, ओरोपेटियम थोमियम. दख्खनच्या खडकांवर आणि जुन्या भिंतींवर उगवणारं हे काही सेंटिमीटरचं गवत अंगातलं जवळजवळ सगळं पाणी गमावूनही मरत नाही; पाणी मिळालं की एकदोन दिवसांत हिरवं होतं. गवतांतल्या सर्वांत लहान जनुकसंचांपैकी एक त्याचा आहे. तो 2015 मध्ये ‘नेचर’मध्ये प्रसिद्ध झाला. दुष्काळात पीक कसं तगवावं या प्रश्नाचा धागा शोधत जगातले शास्त्रज्ञ या गवतापर्यंत पोचले. आपण मात्र ते पायाखाली तुडवतो.

अभ्यासाचं म्हणाल तर बीडची बाजू उशिरा उजेडात आली. थिओडोर कूक यांचा मुंबई इलाख्याच्या वनस्पतींवरचा ग्रंथ 1901 ते 1908 या काळात निघाला, पण तेव्हा बीड निजामाच्या राज्यात, म्हणून कूक यांच्या हद्दीबाहेर. मराठवाड्याची तपशीलवार नोंद डॉ. व्ही. एन. नाईक यांच्या ‘फ्लोरा ऑफ मराठवाडा’नं 1998 मध्ये हाती दिली. नव्या अभ्यासकानं तिथून सुरुवात करावी. त्यात वनस्पतीची ओळख मिळेल. ती बागेत कशी जगवायची, बी कधी रुजतं, कोणत्या दिशेच्या फटीत कोण टिकतं, या माहितीची मराठीत अजून वानवा आहे. ती बागवानांनीच भरून काढायची आहे.

करण्याची रीत थोडक्यात. काळी माती वापरू नका. ती पाणी धरून ठेवते, फुगते आणि उन्हाळ्यात भेगाळून मुळं तोडते. तळाला डबर, वर मुरूम आणि बारीक खडी, त्यात थोडीशी पोयट्याची माती, आणि सर्वांत वर बोटभर खडीचा थर. दगड निम्म्याहून अधिक गाडावेत, आणि त्यांचा उतार आत, मुळांकडे असावा. काळा दगड दुपारी तापतो, म्हणून पश्चिमेची बाजू फक्त अगदी काटक झाडांना द्यावी, नेच्यांना उत्तरेची. मराठवाड्यात सप्टेंबरचा पाऊस बहुधा जोराचा, आणि निचऱ्याची खरी परीक्षा तेव्हाच होते.

एक विनंती. नायगावच्या मयूर अभयारण्यातून किंवा वनखात्याच्या हद्दीतून काहीही उपटून आणू नका. ते बेकायदा आहे, आणि कंदीलपुष्पाच्या काही जाती इतक्या विरळ आहेत की एक कंद उपटणंही महाग पडतं. आपल्या बांधावरचं बी, शेजाऱ्याकडची फांदी, एवढ्यावर बाग सुरू होते. दगड उन्हाळ्यातच रचून ठेवा, आणि रोपं मृगाचे दोनतीन पाऊस होऊन मुरूम खाली बसल्यावर लावा.