कॅलेंडरची युक्ती, कामाचा वेग आणि बर्फावरचे मीठ: पेटंट नेमके कशाला मिळते?

सगळ्यांच्या सोयीची वेळ शोधून बैठक आपोआप ठरवणारे कॅलेंडर, कामगाराचा हात योग्य खणाकडे वळवणारा मनगटी पट्टा आणि रस्त्यावरचा बर्फ वितळवणारे मिश्रण. या तिन्ही प्रकारच्या कल्पनांना अमेरिकेत पेटंट मिळालेली आहेत. भारतात अर्ज केला तर मात्र तिघांचे नशीब वेगवेगळे ठरते. त्यातली मेख कळली नाही तर अर्जाचे पैसे जातात, दोन-चार वर्षे जातात आणि कल्पना सगळ्या जगाला फुकटात मिळते.

ठाण्यातल्या बाळकुमसारख्या ठिकाणी हा प्रश्न दिसतो तितका परका नाही. बाळकुम-कोलशेत हा पट्टा एकेकाळी रंगरसायनांच्या कारखान्यांचा. कलर-केम, सॅन्डोझ आणि पुढे क्लॅरियंट ही नावे जुन्या ठाणेकरांना आठवत असतील. यातली क्लॅरियंट ही मूळची स्विस कंपनी विमानांवरचा आणि धावपट्टीवरचा बर्फ काढणारी द्रवेही बनवत आली आहे. कारखाने गेले, तिथे टोलेजंग इमारती उभ्या राहिल्या. त्यांत राहणारे अनेक जण आता ऐरोली, वागळे इस्टेट किंवा पवईच्या कार्यालयांत बसून परदेशातल्या ग्राहकांसाठी सॉफ्टवेअर लिहितात. बाळकुमला बर्फ पडत नाही, पण बर्फ पडणाऱ्या शहरासाठीची कल्पना बाळकुमच्या फ्लॅटमध्ये सुचू शकते.

कायदा काय म्हणतो?

भारतात पेटंट कायदा १९७० चा. तो १९७२ मध्ये लागू झाला आणि २००५ पासून औषधे, अन्न, रसायने यांच्या उत्पादनांनाही पेटंट मिळू लागले. पेटंटसाठी तीन कसोट्या आहेत. कल्पना नवी हवी, त्या विषयातल्या जाणकाराला सहज सुचेल अशी नको आणि उद्योगात वापरता येण्यासारखी हवी. पेटंटची मुदत अर्जाच्या तारखेपासून २० वर्षे.

या तीन कसोट्यांच्या आधी कलम ३ चे दार ओलांडावे लागते. 'हे शोध नव्हेत' अशी एक यादी या कलमात दिली आहे. कल्पना कितीही नवी असली तरी ती या यादीत बसली की विषय संपला. वरच्या तीन उदाहरणांची खरी परीक्षा इथेच होते.

कॅलेंडरची अडचण

कलम ३(के) नुसार गणिती पद्धत, व्यवसायाची पद्धत, निव्वळ संगणक प्रोग्राम आणि अल्गोरिदम यांना पेटंट नाही. शेजारचे ३(एम) मनातल्या मनात करता येणाऱ्या कामाच्या योजना किंवा नियम वगळते. आता कॅलेंडर काय करते? पाच जणांच्या मोकळ्या वेळा बघते, दोन टाइमझोन जुळवते, कोणाची बैठक हलवता येईल हे ठरवते. मोठ्या साहेबांचे पीए हेच काम डायरी आणि फोनवर करत आले. संगणक ते लवकर करतो एवढ्याने तो शोध होत नाही.

इथे 'निव्वळ' हा शब्द महत्त्वाचा आहे आणि त्याच्या अर्थावरून बरीच वर्षे वाद चालला. पेटंट कार्यालयाने २०१६ च्या मार्गदर्शक सूचनांत नव्या हार्डवेअरची अट घातली होती. ती २०१७ मध्ये निघाली. त्यानंतर डिसेंबर २०१९ मध्ये फरीद अल्लानी खटल्यात दिल्ली उच्च न्यायालयाने स्पष्ट केले की संगणक प्रोग्रामवर आधारलेला प्रत्येक शोध बाद होत नाही. त्यातून काही 'तांत्रिक परिणाम' साधला जातो का, हे तपासावे लागते. या विषयावरच्या सूचना २०२५ मध्ये पुन्हा सुधारण्यात आल्या.

म्हणजे व्यवहारात काय? 'सर्वांना सोयीची वेळ सुचवणारी पद्धत' असा अर्ज बहुधा अडकतो. पण तेच कॅलेंडर हजारो फोनवर एकाच वेळी अद्ययावत होताना सर्व्हरवरचा भार कमी करत असेल किंवा नेटवर्क तुटले तरी दोन ठिकाणच्या नोंदी एकमेकींवर चढू देत नसेल, तर चर्चा सुरू होऊ शकते. पहिल्या अर्जातला फायदा माणसाचा आहे, दुसऱ्यातला यंत्रणेचा. परीक्षक दुसरा फायदा शोधत असतो. अर्ज लिहिणाऱ्याला मात्र पहिल्याचेच कौतुक जास्त असते, आणि अर्ज तिथेच फसतो.

अमेरिकेतही वारे बदलले आहे. १९९८ च्या स्टेट स्ट्रीट बँक निकालानंतर तिथे व्यवसायपद्धतींच्या पेटंटचा पूर आला. ॲमेझॉनचे एका क्लिकमध्ये खरेदीचे १९९९ चे पेटंट त्याच काळातले. ते २०१७ मध्ये संपले. जून २०१४ मध्ये ॲलिस खटल्यात तिथल्या सर्वोच्च न्यायालयाने सांगितले की जुनी अमूर्त कल्पना साध्या संगणकावर चालवली म्हणून तिला पेटंट मिळणार नाही. तेव्हा 'अमेरिकेत मिळाले, मग इथे का नाही' असे विचारण्याआधी ते पेटंट कोणत्या सालचे आहे हे बघावे.

मग सॉफ्टवेअरला संरक्षणच नाही का? आहे. १९५७ च्या कॉपीराइट कायद्यात संगणक प्रोग्राम साहित्यकृतीत मोडतो. पण ते संरक्षण लिहिलेल्या कोडला मिळते. तीच कल्पना कोणी स्वतःच्या शब्दांत, म्हणजे स्वतःच्या कोडमध्ये लिहिली, तर कॉपीराइट त्याला अडवू शकत नाही.

कामाचा वेग आणि पंख्याचे यंत्र

कामाचा वेग वाढवणाऱ्या कल्पना दोन जातींच्या असतात. 'सकाळचे दोन तास बैठका नकोत' ही एक जात. ती उपयोगी असली तरी नियम आहे, शोध नाही. दुसऱ्या जातीत वस्तू असते. ॲमेझॉनला २०१८ मध्ये अमेरिकेत ज्या मनगटी पट्ट्याची पेटंट मिळाली, तो गोदामातल्या कामगाराचा हात कुठे आहे हे ध्वनिलहरींनी ओळखतो आणि हात चुकीच्या खणाकडे गेला तर थरथरून सांगतो. त्यावरून बरीच टीका झाली. मात्र पेटंट मिळाले म्हणजे ती वस्तू वापरायची परवानगी मिळाली, असा अर्थ होत नाही. पेटंट फक्त दुसऱ्याला अडवण्याचा हक्क देते. कामगारांचे हक्क आणि खासगी माहितीचे कायदे आपल्या जागी राहतात.

भारताच्या पेटंट इतिहासाची सुरुवातही अशाच एका यंत्राने झाली. १८५६ च्या कायद्याखाली पहिला अर्ज कोलकात्याच्या जॉर्ज अल्फ्रेड डी पेनिंग यांनी केला, तो पंखा ओढणाऱ्या यंत्राचा. कचेरीतल्या साहेबाला वारा घालणाऱ्या माणसाचे काम यंत्राने करायचे, ही कल्पना आजच्या 'प्रॉडक्टिव्हिटी' शोधांची पणजीच म्हणायची.

मराठी माणसांत या वाटेने सर्वांत लांब गेलेले नाव शंकर आबाजी भिसे यांचे. मुंबईत १८६७ मध्ये जन्मलेल्या भिसे यांना किराणा दुकानासाठीच्या स्वयंचलित वजनयंत्राने इंग्लंडमध्ये ओळख मिळवून दिली. पुढे छपाईचे खिळे झपाट्याने पाडणारे 'भिसोटाइप' त्यांनी तयार केले. दादाभाई नौरोजींनी त्यांना आधार दिला, टाटांचे भांडवलही मिळाले. तरीही यंत्र बाजारात रुजवणे त्यांना फार जड गेले. १९३५ मध्ये न्यूयॉर्कमध्ये त्यांचे निधन झाले. पेटंट हातात असणे आणि पैसा हातात येणे यांत किती अंतर असते, हे त्यांच्या आयुष्यात दिसते.

मीठ, मळी आणि बर्फ

तिसऱ्या शोधाला कलम ३(के) ची भीती नाही, कारण रसायन हे रसायनच असते. पाण्यात मीठ मिसळले की ते शून्य अंशाला गोठत नाही. मिठाचे प्रमाण सुमारे २३ टक्के असेल तर गोठणबिंदू उणे २१ अंश सेल्सिअसपर्यंत खाली जातो. प्रत्यक्ष रस्त्यावर मात्र उणे ९-१० च्या खाली साधे मीठ फारच मंद काम करते. तिथे कॅल्शियम क्लोराइड किंवा मॅग्नेशियम क्लोराइड वापरावे लागते. ही द्रव्ये स्वस्त आहेत, पण क्लोराइड पुलांच्या सळया आणि गाड्यांचे पत्रे खाते, शिवाय जमिनीत आणि विहिरीत उतरते. म्हणून मीठ कमी लागेल, गंज कमी चढेल आणि द्रव रस्त्याला चिकटून राहील अशा मिश्रणांचा शोध चालतो. अमेरिकेत बीटच्या साखर कारखान्यांतले उरलेले द्रव आणि मळी यांचा वापर त्यासाठी होतो. मळी म्हटल्यावर मराठी वाचकाचे कान टवकारले जाणे साहजिक आहे.

पण इथे कलम ३(ई) आडवे येते. नुसत्या मिश्रणातून घटकांच्या गुणांची केवळ बेरीज होत असेल तर तो शोध नव्हे. मीठ बर्फ वितळवते, मळी चिकटते, दोन्ही मिसळले तर मिश्रण वितळवते आणि चिकटते. याला पेटंट नाही. मात्र दोन्ही एकत्र आल्यावर गंज अपेक्षेपेक्षा खूप कमी होतो किंवा गोठणबिंदू बेरजेपेक्षा जास्त उतरतो असे प्रयोगाच्या आकड्यांनी दाखवले, तर दार उघडते. हे आकडे अर्जातच असावेत. 'मिश्रण उत्तम काम करते' हे वाक्य परीक्षकाच्या लेखी शून्य असते.

अर्ज कुठे, किती पैशांत?

ठाणे जिल्ह्यातला अर्ज मुंबईच्या पेटंट कार्यालयाकडे जातो. ते अँटॉप हिलला आहे, पण अर्ज ऑनलाइन करता येतो. व्यक्ती, स्टार्टअप, लघुउद्योग आणि शैक्षणिक संस्थांना ऑनलाइन अर्जाचे मूळ शुल्क १,६०० रुपये, इतरांना ८,००० रुपये. परीक्षणाच्या विनंतीचे शुल्क वेगळे, अनुक्रमे ४,००० आणि २०,००० रुपये. पेटंट एजंटाची फी यात धरलेली नाही, आणि खरा खर्च तोच असतो. अर्धी तयारी असेल तर तात्पुरता अर्ज करून तारीख पक्की करता येते. पूर्ण अर्ज १२ महिन्यांत द्यावा लागतो. परीक्षणाची विनंती आपोआप होत नाही. २०२४ च्या नियमांनुसार ती ३१ महिन्यांच्या आत करायची असते, आधी ही मुदत ४८ महिने होती. जुनी माहिती धरून बसलेल्यांचे अर्ज यामुळे बुडू शकतात. स्टार्टअप, लघुउद्योग आणि महिला अर्जदारांना जलद परीक्षण मागता येते, त्याचे शुल्क अर्थात जास्त.

साधारण १८ महिन्यांनी अर्ज जर्नलमध्ये प्रसिद्ध होतो. हे जर्नल दर शुक्रवारी निघते. जादा शुल्क भरून हे लवकरही करून घेता येते. 'माझे पेटंट पब्लिश झाले' असे अभिनंदनाचे फलक अनेकदा याच टप्प्यावर लागतात. प्रसिद्धी म्हणजे फक्त अर्ज लोकांसमोर आला, त्यावर कोणी आक्षेप घेऊ शकतो. परीक्षण अजून व्हायचे असते. नोकरीत किंवा बढतीत असा कागद दाखवला गेला तर क्रमांकासमोर 'मंजूर' लिहिले आहे का, हे कार्यालयाच्या 'इनपास' या मोफत शोधसुविधेवर कोणालाही बघता येते.

दोन चुका ज्या दुरुस्त होत नाहीत

पहिली चूक बोलण्याची. अर्जाआधी कल्पना यूट्यूबवर दाखवली, प्रदर्शनात मांडली किंवा गोपनीयतेचा करार न करता ग्राहकाला समजावून सांगितली, तर नावीन्य संपू शकते. अमेरिकेत संशोधकाला स्वतःच्या प्रकटीकरणानंतर एक वर्षाची मुभा आहे. भारतात ती सरकारने अधिसूचित केलेली प्रदर्शने, विद्वत्सभेतले निबंध अशा मोजक्या प्रसंगांपुरतीच मिळते.

दुसरी चूक बर्फाच्या शोधात हमखास होणारी. बाजार कॅनडात किंवा अमेरिकेत, मग भारतात अर्ज कशाला, असा विचार करून बाळकुमचा रहिवासी थेट तिकडे अर्ज करतो. कलम ३९ नुसार भारतात राहणाऱ्याने आधी इथे अर्ज करून सहा आठवडे थांबले पाहिजे किंवा फॉर्म २५ भरून परदेशी अर्जाची परवानगी घेतली पाहिजे. ही परवानगी सर्वसाधारणपणे २१ दिवसांत मिळते. ती न घेतल्यास त्याच शोधाचा भारतातला अर्ज सोडून दिल्यासारखा धरला जातो, मिळालेले पेटंट रद्द होऊ शकते आणि कायद्यात कैदेची तरतूदही आहे. परदेशी ग्राहकासाठी काम करणाऱ्या चमूतला एक जण जरी इथे राहत असेल तरी हा नियम तपासावा लागतो.

शोध नोकरीत असताना लागला असेल तर आणखी एक कागद काढून वाचायचा असतो: नेमणुकीचे पत्र. कर्मचाऱ्याच्या शोधाचा मालक कोण, याची वेगळी तरतूद भारतीय पेटंट कायद्यात नाही, त्यामुळे करारात जे लिहिले असेल त्यावर बरेचसे ठरते. अनेक करारांत सुट्टीच्या दिवशी, घरच्या लॅपटॉपवर सुचलेल्या कल्पनांवरही कंपनीचा हक्क लिहिलेला असतो.