पोलिसांना घरी न्यायला सरकारी गाडी: अमेरिकेतली ‘टेक-होम कार’ पद्धत परवडते का?

अमेरिकेतल्या अनेक शहरांत ड्युटी संपली की पोलीस गस्तीची गाडी घेऊनच घरी जातात. एक पोलीस, एक गाडी. यालाच ‘टेक-होम कार’ म्हणतात. इंडियानापोलिस शहराने १९६९ मध्ये ही पद्धत मोठ्या प्रमाणावर सुरू केली. पैसा करदात्यांचा असल्याने तिच्यावर आजही वाद होतात.

फायदे काय?

सामायिक गाडी तिन्ही पाळ्यांत धावते. प्रत्येक पाळीला सामान उतरवा, चढवा, गाडी तपासा, यात वेळ जातो. स्वतःची गाडी असली की हा वेळ वाचतो. मोठी घटना घडली तर पोलीस घरून थेट घटनास्थळी पोहोचतो. गाडी एकाच्याच ताब्यात असल्याने निगा चांगली राहते आणि नुकसान कोणी केलं हेही कळतं. भरतीसाठीही ही सवलत आकर्षक ठरते.

खर्च किती?

समजा, तीन पाळ्यांत मिळून ९० पोलीस गस्त घालतात. सामायिक पद्धतीत साधारण ३० गाड्या आणि काही राखीव गाड्या पुरतात. टेक-होममध्ये ९० लागतात. प्रत्येक गाडीत रेडिओ, दिवे, संगणकही हवा. गाडी कमी धावते म्हणून जास्त वर्षं टिकते, हे खरं. पण सुरुवातीचा खर्च मोठा.

त्यात प्रवासाची भर. पोलीस ३० किलोमीटरवर राहत असेल, तर वर्षातल्या २२० दिवसांत १३,२०० किलोमीटर फक्त ये-जा होते. शिवाय विमा आणि घराबाहेरच्या गाडीतून शस्त्रं चोरीला जाण्याचा धोका असतोच.

गाडी दिसली की गुन्हे घटतात?

समर्थकांचा हा आवडता मुद्दा. पण १९७२-७३ मध्ये कॅन्सस सिटीत १५ गस्त विभागांवर प्रयोग झाला. पाच विभागांत नेहमीची गस्त बंद केली, पाचांत वाढवली, पाचांत तशीच ठेवली. गुन्ह्यांत किंवा लोकांच्या भीतीत लक्षणीय फरक पडला नाही. हा प्रयोग घरासमोर उभ्या गाड्यांचा नव्हता. तरीही ‘गाडी दिसली की गुन्हा टळला’ हे गृहीत धरता येत नाही, एवढं त्यातून कळतं.

मग ठरवायचं कसं?

पोलीस कुठे राहतो, यावर बरंच अवलंबून आहे. शहरात राहणाऱ्याची गाडी शहराच्या उपयोगी पडते. दूर राहणाऱ्याची गाडी रात्रभर दुसऱ्याच गावात उभी असते. म्हणून काही शहरं अंतराची मर्यादा घालतात किंवा पोलिसांकडून प्रवासाचं शुल्क घेतात. सुट्टीच्या दिवशी पोलिसाला किती वेळा बोलावलं, याची नोंद ठेवली तर हिशेब आणखी स्पष्ट होतो.